पहिलं खातं चेअरमनचं

मुलांनो, गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, की आत्या डेअरीसाठी कॉम्प्युटरवर नेमकं करते काय. मी "सांगेन" म्हटलं आणि विषय राहून गेला. आठवतंय तोवर नीट लिहून ठेवते.

डेअरीवर दुधाचं वजन आणि फॅट मोजून त्याची नोंद कॉम्प्युटरवर होते. मिरजगावजवळच्या एका डेअरीसाठी आत्याने इथे पारनेरला घरी बसून नवा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं पॅकेज बांधलं, म्हणजे सगळ्या फाइलींचं एक गाठोडं, जे दुसऱ्या मशीनवर बसवता येतं. घरी ते बिनतक्रार चाललं. ते डेअरीच्या मशीनवर बसवलं, त्या पहिल्या सकाळी तिच्यासोबत मीही गेले. डेअरीच्या सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं, "आज चाललं तर तुमचं. न्हाई तर उद्यापासून परत जुनं."

पहिली किटली काट्यावर ठेवली. वजन दिसलं, फॅट दिसलं, पण नोंद होईना. पडद्यावर एकच ओळ: परवानगी नाही. रांग वाढत होती. बाहेर टँकर उभा होता, आणि तो गेला की सगळं दूध पडून राहणार.

"आमचं दूध काय कंप्युटरला पाजायचं हाय का?" रांगेतली एक बाई म्हणाली. लोक हसले. आत्या हसली नाही. ती फाइलींचे मालक तपासत होती, म्हणजे कोणती फाइल मशीनवरच्या कुणाच्या खात्याची आहे ते. प्रत्येक फाइलीवर चेअरमनचं नाव होतं.

"हे कसं काय?" मी विचारलं.

सेक्रेटरी म्हणाले, "मशीन आणलं तवा नारळ चेअरमनसाहेबांनीच फोडला. मग मशीनवरचं पहिलं खातंबी त्यांच्याच नावानं काढलं. मानाचं हाय ते. ते कधी त्याच्यावर बसले न्हाईत."

आत्याने मला हळूच समजावलं. पॅकेजमधल्या मालकाचं नाव नव्या मशीनवर सापडलं नाही, तर त्याच्या खात्याचा नंबर धरला जातो. घरच्या मशीनवर पहिल्या नंबरचं खातं तिचं होतं, इथे चेअरमनचं. त्यामुळे सेक्रेटरींच्या खात्याला नोंद करता येत नव्हती.

"चेअरमनचा पासवर्ड?" आत्याने सेक्रेटरींना विचारलं.

"त्यांनाबी ठाऊक न्हाई. ताई, फाइली सगळ्यांना मोकळ्या करून टाका ना."

"नको, भाऊ. याच मशीनवर गाव परीक्षेचे फॉर्म भरतं. उद्या कुणीही कुणाचं फॅट बदलेल."

टँकरने हॉर्न दिला. आत्या लॅपटॉप घेऊन पेंडीच्या पोत्यावर बसली आणि पॅकेज पुन्हा बांधायला लागली. प्रोग्रामच्या फाइली मशीनच्या मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे ज्या खात्यातून प्रोग्राम बसवतात त्याच्या, मालकीच्या केल्या. नोंदींचा फोल्डर तेवढा सेक्रेटरींच्या खात्याला दिला. मग एकेक मालक पुन्हा तपासला. लवकर कर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

सकाळचं पॅकेज काढून हे नवं बसवलं. तीच किटली पुन्हा काट्यावर आली आणि पावती बाहेर पडली. त्या बाईने ती निरखून वाचली.

"फॅट कमी दाखवतंय," ती म्हणाली. "म्हंजी बरुबर चालतंय."

शेवटची किटली रिकामी झाल्यावरच टँकर हलला. जुना प्रोग्राम परत आला नाही. त्या डेअरीवर आजही आत्याचाच प्रोग्राम चालतो.