नाववाले चाचा आणि तीनशे ताटं

नाववाले चाचा कोणाच्याही घरी जेवायला बसले की आधी रिकामं ताट उचलून उजेडाकडे धरत. वाढणारी बाई हातात डाव घेऊन थांबलेली असे, शेजारच्याचा पहिला घास पोटात गेलेला असे, आणि चाचा डोळे बारीक करून ताटाच्या काठावरची अक्षरं वाचत असत. मग समाधानानं मान हलवत. "मालतीबाईच्या आंदनातलं हाये हे. बेस. वाढा आता."

नवख्या माणसाला वाटे, ताट नीट घासलं आहे की नाही ते पाहत आहेत, आणि तो ओशाळून जाई. आम्हाला ठाऊक होतं. नांदुऱ्यातल्या कितीतरी घरांतल्या भांड्यांवर चाचांच्याच हातची अक्षरं होती. लग्नात दिलेली घागर, बारशाची वाटी, कोणाच्या स्मरणार्थ वाटलेले तांबे. ते आपल्या अक्षराला भेटायला जात, इतकंच. चाचांचं स्वतःचं नाव मात्र बाजारात फारसं कोणाला माहीत नव्हतं. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या या माणसाचा 'ळ' इतका गोल आणि देखणा होता, की माझ्या वर्गातल्या मुलांना मी तो घरच्या पातेल्यांवर बघून यायला सांगत असे.

नांदुऱ्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा बाजारातल्या भांड्यांच्या एका दुकानावरची खोली मी भाड्यानं घेतली. दुकानाच्या पायरीवर पोतं अंथरून चाचा बसत. पितळेवर आणि तांब्यावर ते छोटी छिन्नी आणि हातोडी चालवत. स्टीलसाठी विजेचं मशीन होतं, ते भुंग्यासारखं गुणगुणत राही. सकाळची शाळा आटोपून मी वर येऊन पडले की जिन्यातून हे दोन आवाज आळीपाळीनं येत. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून सुटलेले तंतू खिडकीतून आत तरंगत येत, उन्हाच्या पट्ट्यात थबकत आणि कुठे जायचं ते आठवत नसल्यासारखे तिथंच फिरत. लांब रेल्वेची शिट्टी होई. त्या टकटकीत कोणाचं नाव लिहिलं जात असेल, याचा विचार करता करता माझा डोळा लागे. ती दुपारची झोप मला अजून आठवते. तशी पुन्हा कुठे लागली नाही.

एकदा भाजी घेऊन वर निघाले होते. चाचांनी मशीन बंद केलं.

"काय आनलं, बाई?"

"भाजी."

"भाजी त दिसून राह्यली. तिच्या वरून काय आनलं?"

माझ्या हातात पाच काळ्या पातळ पिशव्या होत्या. वांगी एकीत, मिरच्या एकीत, कोथिंबिरीची जुडी एकीत. चाचांनी ती जुडी दोन बोटांत धरून वर केली. "चार बोटाची कोथमीर, अन् तिले हातभर झगा! घरी नेऊन या झग्याचं काय करान?"

त्या पिशव्यांचं मी काय करत होते ते मलाच माहीत नव्हतं. त्या आपोआप कुठेतरी जात, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे सगळे डबे खाली मागवले आणि दुकानाचे मालक शेठजी यांच्या काट्यावर रिकामा डबा ठेवून प्रत्येकाच्या बुडाला त्याचं वजन कोरून दिलं. "हा घेऊन किराण्यात जा. तो वजन वाचन, तितकं सोडन अन् डाळ टाकन. पुडा नाई, पन्नी नाई." ते स्वतः असेच बाजारात जात. खांद्याला कापडी पिशव्या, हातात तेलाची बरणी. किराणेवाला सुरुवातीला हसला, मग वैतागला, आणि शेवटी त्याला सवय झाली. मलाही झाली.

घरी त्यांच्याही वरताण चाची होत्या. चाचांची ही बायको अंगानं काडीसारखी, दम्यानं कायम थोडी वाकलेली, पण भारी टापटिपीची. दुधाची पिशवी त्या कापत तेव्हा कोपरा पूर्ण तोडत नसत, लटकता ठेवत. "तेवढा कपटा सुटला की मंग तो गवसत नाई," असं मला त्यांनी दाखवून दिलं होतं. मग पिशवी धुऊन, उलटी करून दोरीवर चिमट्यानं लावायची. महिनाभराच्या पिशव्यांचा गठ्ठा भंगारवाला घेऊन जाई. दुपारी त्यांच्या अंगणात गेलं की दोरीवर त्या दहा-बारा पिशव्या वाऱ्यानं हलत असत आणि त्यांची चकाकी भिंतीवर पाण्यासारखी सरकत असे. त्याखाली बाज टाकून चाची तांदूळ निवडत बसलेल्या. मी कितीदा तरी काही काम नसताना तिथं जाऊन बसले आहे.

बाजार मात्र दुसरीकडे चालला होता. शेठजींनी दुकानात थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले ठेवायला सुरुवात केली. "गिऱ्हाईक मागते, चाचा. मी काय करू?" ते म्हणाले, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. गठ्ठे पायरीपर्यंत आले, चाचांचं पोतं अरुंद झालं. एक दिवस चाचांनी गठ्ठ्यातली एक फुटकी ताटली घेतली आणि गंमत म्हणून तिच्यावर मशीन टेकवलं. सुई आरपार गेली. पांढरा भुगा त्यांच्या दाढीवर उडाला. ते हसले, मग ती ताटली उलटीसुलटी करून पाहिली. "ज्याच्यावर नाव टाकता येत नाई, बाई," ते म्हणाले, "ते कोनाचंच नसते. मंग त्याले उचलन कोन?"

उचलत कोणीच नव्हतं. चाचांच्या घरामागे एक मंगल कार्यालय होतं आणि दोहोंच्या मध्ये मोकळी जागा. लग्न लागलं, जेवणं झाली, की उष्ट्या ताटल्यांचा ढीग तिथं येऊन पडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी तो पेटवून देई. काळा, चिकट धूर चाचींच्या अंगणात उतरे आणि दोरीवरच्या धुतलेल्या पिशव्यांवर काजळी धरे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी शाळेतून आले तर पायरी रिकामी होती. शेठजी म्हणाले, चाचींचा श्वास अडकला, खामगावला नेलंय. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. चाचींच्या तोंडावर वाफेचा मास्क होता. पलंगाशी त्यांची धाकटी मुलगी रुखसार बसली होती. तिचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. चाचींनी मास्क बाजूला केला, चाचांकडे पाहिलं आणि तुटक तुटक म्हणाल्या, "रुखसारच्या लग्नाचा धूर बी... मीच घ्यायचा का?"

बसमध्ये परत येताना चाचा खिडकीबाहेर बघत होते. जलंब मागे पडलं, शेतं मागे पडली. नांदुरा दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात फेकायची एक बी वस्तू येनार नाई, बाई."

"मग तीनशे माणसं जेवणार कशात?"

"नांदुऱ्यात ताटं कमी हायेत का?"

पुढचे रविवार आम्ही दोघं दारोदार फिरलो. चाचा कोणाच्या घरी किती ताटं आहेत ते घरच्यांपेक्षा चांगलं सांगत. "तुमच्या मोठ्या सुनेची सहा, अन् काकाजीच्या वर्षश्राद्धाची बारा." लोक हसून काढून देत. सुमनकाकूंच्या दारात मात्र आम्ही अडखळलो. काकूंनी पाणी दिलं, बसायला दिलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "देते न चाचा, नाई कशी म्हनू. पन..."

चाचांना 'पण'च्या पुढचं कळलं. "काकू, जेवनात दाळ, भात, वांग्याची भाजी अन् शिरा. दुसरं काईच नाई."

काकूंचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी वीस ताटं काढली, आणि वर पेलेही दिले.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "हे आधीच ठरवलं होतं तुम्ही?"

"नाई. आताच ठरलं," चाचा म्हणाले. "ज्याच्या ताटात जेवाचं, त्याच्या मनाचं पाहा लागते."

ही गोष्ट व्याह्यांच्या कानावर गेली तेव्हा ते खामगावहून तडक आले. त्यांचं तिथं टायरचं दुकान होतं, माणूस भारदस्त, चार लोकांत उठबस असलेला. "समधी, बगैर गोश्त की दावत?" ते म्हणाले. "मैं लोगों को क्या मुँह दिखाऊँगा?" चाचांनी हात जोडले, पण शब्द फिरवला नाही. व्याही चहाला हात न लावता उठून गेले. पुढचे दोन दिवस चाचांनी पायरीवर बसून एकाच तांब्यावर एकच अक्षर तीनदा गिरवलं. तिसऱ्या दिवशी रुखसारनंच नवऱ्या मुलाला फोन केला आणि धुराची सगळी हकीकत सांगितली. संध्याकाळी तिकडून निरोप आला: तारीख तीच, जेवण तुम्ही म्हणाल ते.

लग्न शाळेच्या मैदानावर झालं. मांडवाच्या कापडातून ऊन गाळून येत होतं आणि पांढऱ्या दस्तरखानावर ताटांच्या रांगा लांबपर्यंत गेल्या होत्या. प्रत्येक ताट निराळं. कोणाला नक्षी, कोणाला पोचा, कोणाचा काठ जाड. व्याही ताठ मानेनं बसले. समोर आलेल्या ताटाकडे पाहून त्यांनी जोरात विचारलं, "ये अनसूया कौन?"

चाचा त्यांच्याजवळ मांडी घालून बसले. "या गल्लीतली सुईन होती. दहा वर्षं झाली जाऊन. रुखसार तिच्याच हातावर पैदा झाली. तिच्या पोरानं तिच्या नावानं वाटलेली ताटं हायेत ही."

व्याह्यांनी उजव्या हाताच्या बोटांनी ते नाव एकदा पुसल्यासारखं केलं, आणि घास घेतला. शेवटी त्यांनी दुसऱ्यांदा शिरा मागून घेतला तेव्हा पलीकडे खुर्चीवर बसलेल्या चाची पदराआड हसल्या.

दुपारी गल्लीतल्या बायांनी नळाशी ताटं घासली, मी धुवायला होते. धुतलेलं एकेक ताट चाचा हातात घेत आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचत. मालती. सरस्वती. जैबुन्निसा. चि. प्रकाश. कै. रामरावजी. ज्याचं घर असेल तो 'हाव' म्हणून पुढे येई. रोज वर्गात हजेरी घेणारी मी ओल्या हातांनी ऐकत राहिले. जिवंत आणि गेलेली माणसं एकाच आवाजात बोलावली जात होती, आणि सगळ्यांच्या वतीनं कोणी ना कोणी येत होतं. त्या दिवशी मैदानावर उचलायला कचरा म्हणून फक्त फुलं आणि वांग्याची देठं होती. ती बकऱ्यांनी संपवली.

पुढे कितीतरी घरांनी पाच-पाच ताटं परत आणून दिली. "राहू द्या, कोनाच्या कामी पडतीन," म्हणाले. ती ठेवायला शेठजींनी दुकानामागची खोली दिली. त्या ताटांवर चाचांनी जुन्या नावाखाली एक शब्द वाढवला: सगळ्यांचं. तीनशेच्या वर ताटं, बारीक अक्षर. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसून पुन्हा मशीन लावायचे. बारशाला, तेराव्याला, वाढदिवसाला लोक तिथून ताटं नेऊ लागले. मंगल कार्यालयाचे मालक मात्र पहिल्या हंगामात आले नाहीत. दुसऱ्यातही अधूनमधूनच आले. ढीग लहान होत गेला, पण धूर यायचाच. त्या हिवाळ्यात चाची गेल्या.

चाचा त्यानंतर फार कमी बोलत. नंतर डोळे अगदीच अधू झाले तेव्हा रुखसारनं त्यांना खामगावला नेलं. गेल्या वर्षी तिथंच ते वारले. माझी बदली चिखलीकडे झाली आहे. बातमी फोनवर कळली. इथल्या शाळेत पालकांनी आणून दिलेली ताटं आहेत, मुलं त्यांतच जेवतात, आणि त्यांच्यावरची नावं मी माझ्या बऱ्यावाईट अक्षरात रंगानं लिहिली आहेत.

पण चाचा म्हटलं की मला आठवते ती चाची गेल्यानंतरची, मी नांदुरा सोडण्याआधीची दुपार. मी निरोप घ्यायला गेले होते. ते अंगणात बाजेवर बसले होते, कान भिंतीकडे. पलीकडे कार्यालयात लग्न चाललं होतं. वाढप्यांच्या हाका, शेठजींच्या खोलीतून नेलेली ताटं एकमेकांवर ठेवल्याचा खणखणाट भिंतीवरून येत होता. मोकळ्या जागेत गवत उगवलं होतं, त्यात दोन शेळ्या चरत होत्या.

"बाई, वास येते का कायचा?"

मी श्वास घेतला. ओली माती, जिनिंगची सरकी, पलीकडच्या वरणाची फोडणी. "नाही," मी म्हणाले. "धुराचा नाही."

"मलेही नाई येऊन राह्यला." त्यांनी बाजेवर आपल्या शेजारची जागा हातानं साफ केली. "रुखसारच्या मायले फकस्त इतकंच पाह्यजे होतं. बसा थोडं. घाई असन तरी बसा."

बस तासाभरानं होती. मी बसले. त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश, छाती भरून श्वास घेतला, दोघांच्या वाटचा घ्यावा तसा.