सांबर आणि भरिताचा डबा

हिरवं वांगं भाजलं की त्या धुरात मला यावलच्या जंगलातली जीप सफारी आठवते. वडील गेल्यावर वर्षभर घराबाहेर न पडलेली अक्का, म्हणजे माझी आई, त्या सकाळी आमच्यासोबत आली होती, मांडीवर भरिताचा डबा घेऊन.

"अक्का, झाकण घट्ट लावा. वासानं जनावर पळतं," गाइड म्हणाला.

पुढच्याच वळणावर सांबर उभं. जीप थांबली तरी ते हलेना, आमच्याकडेच बघत राहिलं.

"भरीतनी वाट देखी ऱ्हायनं ते," अक्का कुजबुजली आणि स्वतःच खळखळून हसली, वर्षभरात पहिल्यांदा. त्या आवाजानं सांबर उधळलं.

तेव्हा फोटो हुकला म्हणून मी हळहळले होते. आता वाटतं, बरं झालं पळालं. नाहीतर मी सांबराकडेच बघत बसले असते.