मोठ्यांची बॅच

रविवारी सकाळी नेरूळच्या मार्केटमध्ये भाजी घ्यायची आणि पिशवी पायाशी ठेवून वरच्या मजल्यावरच्या गिटार क्लासबाहेरच्या बाकावर बसायचं, असं मी जवळजवळ दीड वर्ष काढलं. बाकावर मुलांच्या आया असायच्या. पहिल्याच रविवारी एकीने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "तुमचा कितवीत?"

"माझा तळोज्याला," मी म्हटलं. "केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे."

तिला काही उलगडा होईना. तेवढ्यात मुलांची बॅच सुटली आणि मोठ्यांची आत शिरली. त्यात आमचे हे. चाळिशी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पाठीला गिटार. मला बघून त्यांनी हात हलवला. त्या बाईने जी मान फिरवली ती थेट तिचा मुलगा बूट घालून येईपर्यंत.

गिटार आमच्या घरी आली ती विकत घेऊन नाही. कंपनीतल्या, परदेशी निघालेल्या एका साहेबाने ती ह्यांच्या गळ्यात मारली. बरेच महिने ती कपाटावर सुटकेसच्या शेजारी पडून होती. मग चाळिशीत पुरुषांना जे होतं ते ह्यांना झालं. त्या काळात कुणी शेअर्स घेत होतं, कुणी मॉर्निंग वॉकला लागत होतं. ह्यांनी गिटारवरची धूळ पुसली.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. घरात गाणारी मी. माहेरी चिपळूणला पेटी होती आणि मी परकरात असल्यापासून पेटीवर गात आले. पेटीवाल्यांची भाषा सोपी. ज्या पट्टीवर बोट, तिचं नाव. कुणी पांढरी एकमध्ये गातं, कुणी काळी दोनमध्ये. माझी काळी चार. पेटी भावाकडे राहिली, पट्टी माझ्याबरोबर आली. नवी मुंबईत आलो तेव्हा सोसायटीत कुणी कुणाला ओळखत नव्हतं, सगळे कुठून कुठून आलेले. दुसऱ्या वर्षी गणपतीत मी एक भावगीत म्हटलं आणि मला नाव मिळालं, गाणाऱ्या वहिनी. महाप्याच्या ऑफिसात मी नुसती पर्चेसवाल्या मॅडम होते, घरी कुणाची तरी आई होते, पण गणपतीच्या पाचव्या दिवशी मी गाणारी वहिनी असायचे. वर्षातून एक संध्याकाळ. तेवढी मला पुरायची.

तर हे क्लासला जायला लागले आणि सहा-सात महिन्यांत ह्यांना तीन कॉर्ड्स यायला लागल्या. म्हणजे येत होत्या, पण एकीवरून दुसरीवर जाताना मध्ये एवढा वेळ लागायचा की कुकरची शिट्टी होऊन जायची. दारावर येणारी मासेवाली एकदा पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "ताई, तुमचा गाना मना पाठ झाला हाय. पुढचा कदी यायचा?" मी तिला बांगडे द्यायला सांगितले.

एवढ्या भांडवलावर ह्यांनी गणपतीत मला साथ करायचं जाहीर केलं. मला न विचारता, थेट कमिटीच्या मीटिंगमध्ये.

घरी पहिल्यांदा बसलो तेव्हाच माझ्या लक्षात आलं. "अहो, फार वर जातंय हे. ही पांढरी एक आहे. माझी काळी चार."

"गिटारवर काळं-पांढरं नसतं," हे म्हणाले. "हे गाणं सी मध्ये आहे."

"गाणं कशाला कशात असेल? गाणारा जिथून गाईल तिथे असतं ते."

"अगं, पुस्तकात लिहिलंय. सी." आणि खरंच पुस्तक पुढे केलं. त्यात गाण्याच्या डोक्यावर सी छापलेलं होतं. प्लांटमध्ये जसं लिहिलं असेल तसंच व्हॉल्व्ह फिरवायचं, नाहीतर स्फोट, अशी ह्यांची वीस वर्षांची सवय. शिवाय तीनच कॉर्ड्स येत होत्या आणि तिन्ही सीच्या घरातल्या. हे ते कुठे सांगणार? पुस्तक बरं पडतं.

"मी सुरू करतो," ते म्हणाले, "तू चार मोज आणि मागून ये."

माझंही चुकलं नाही असं नाही, पण मी काय करणार होते? कार्यक्रमपत्रिकेत दोघांची नावं छापून झाली होती. स्टेजवर मी चार मोजले आणि मागून गेले. मुखडा कसाबसा निभावला. अंतऱ्याला वरचा सूर लावला आणि आवाज फाटला. चिरकला, सरळ शब्द तोच. पहिल्या रांगेतल्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मी ते गाणं खालच्या आवाजात, अर्धं बोलत, अर्धं गिळत संपवलं, आणि ह्यांनी मात्र शेवटची कॉर्ड खणखणीत वाजवली. लोकांनी ह्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. या वयात शिकलेत हो, म्हणाले.

आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी प्रसादाचा द्रोण हातात देत माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वाईट नको वाटून घेऊस गं. वय झालं की आवाज जातोच. आमचा नाय का गेला?"

छत्तीस वर्षांची होते मी! आणि काकूंचा आवाज कधी होता हेच सोसायटीत कुणाला माहीत नव्हतं. पण ते 'जातोच' माझ्या मनात जे जाऊन बसलं ते बसलंच. दुसऱ्या दिवसापासून मी भांडी घासतानाही गुणगुणायची बंद झाले. ह्यांच्याशी मी भांडले नाही. भांडण्यासारखं इतकं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून सगळं जपून ठेवलं.

ह्याच सुमारास क्लासच्या सरांनी जाहीर केलं की ज्यांना हवी असेल त्यांच्यासाठी गुरुवारी संध्याकाळी थिअरी शिकवेन. मुलांमधून एकही आला नाही. मोठ्यांची बॅच झाडून आली. ज्यांना एक गाणं धड सुरुवातीपासून शेवटपर्यंत येत नव्हतं, ते सगळे आता संगीताचं शास्त्र शिकणार होते. मला हसू आवरेना. गुरुवारीही मी बाकावर जायला लागले. घरी बसून तरी काय, आणि करमणूक फुकट होती.

सर आमच्यापेक्षा बरेच लहान, पण समंजस पोरगा. मला म्हणाले, "काकू, मुलाला सांगितलं की इथे बोट ठेव, की तो ठेवतो. मोठा माणूस विचारतो, इथेच का? त्याला 'का' सांगितल्याशिवाय त्याचं बोट हलत नाही."

"आणि सांगितल्यावर हलतं?"

सर हसले आणि चहा प्यायला गेले.

वाशीच्या बँकेतले एक ऑफिसर होते. त्यांना तारा टोचायच्या, बोटांना फोड आले होते. थिअरी त्यांना मानवली, कारण थिअरीला बोटं लागत नाहीत. थोड्याच दिवसांत ते लग्नकार्यात बँडवाल्यांच्या चुका काढायला लागले. कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या मला प्रामाणिकपणे म्हणाल्या, "वाजवायला बसले की मी ढ ठरते हो. थिअरीत मला पैकीच्या पैकी पडतात." मला त्यांचं पटलं. आपल्याकडे माणसाला काही येवो न येवो, पेपर मात्र सोडवता आला पाहिजे. त्यात आपली सगळ्यांची हयात गेली.

आमच्या ह्यांना मी विचारलं, "तुम्ही कशाला जाताय?"

"असू दे. उपयोगी पडेल."

झालं. घरात फ्रिजवर एक गोल तक्ता चिकटला. घड्याळासारखा, फक्त आकड्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं. हे जेवताना त्याच्याकडे बघत बसायचे, भाजीत मीठ आहे की नाही याचा पत्ता नाही. एकदा मी मीठ घातलंच नाही मुद्दाम. काही फरक पडला नाही. माझे केसांचे रबर हरवायला लागले ते याच दिवसांत. मी बापडी लेकीला ओरडत होते.

मग एक नवीनच खूळ सुरू झालं. संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावून आरती म्हणायचे. तेवढंच एक माझ्या तोंडून अजून सुरात निघायचं, कारण देवासमोर कुणी आवाज जोखत नाही. तर माझ्या मागे, दाराच्या चौकटीत हे गिटार घेऊन उभे, आणि टिंग. मी थांबले की बंद. परत सुरू केलं की परत टिंग, टिंग. दोन-तीन दिवस सोसलं. मग तबक खाली ठेवलं आणि वळले.

"देवासमोर तरी नको हो! तिथेसुद्धा मला तुमच्या सीमध्ये आणायचंय का?"

"जी शार्प आहे तुझा," हे म्हणाले. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर बोलतो तशा आवाजात.

"जी शार्प असेल तुमचा! माझी काळी चार आहे. गेल्या वर्षी घसा फोडून सांगत होते. एवढे दिवस मागे उभं राहून टिंग टिंग करण्यापेक्षा विचारायचं की मला!"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

मी तबक उचललं. खरं सांगायचं तर नसतं सांगितलं. मी म्हटलं असतं, पुस्तकात बघा.

"थिअरी त्याच्यासाठी लावली," हे दिव्याकडे बघत म्हणाले. "तीन कॉर्ड्स होत्या माझ्याकडे. तुला त्यात कोंबली. मला गाणं हलवता येत नव्हतं गं. गाणं हलवता येतं हेच मला माहीत नव्हतं."

आरती अर्धी राहिली होती, ती पुरी केली. मागून टिंग आलं नाही.

मग रबरांचाही शोध लागला. गिटारच्या मानेवर तारांना आडवी एक पेन्सिल ठेवायची आणि ती माझ्या केसांच्या रबराने करकचून आवळायची. मग म्हणे सगळ्या तारा एका घराने चढतात. खाली बोटं 'जी'ची लावायची, बाहेर निघते काळी चार. वर्षभराच्या थिअरीतून निघालं काय, तर एक पेन्सिल आणि एक रबर. मी म्हटलं, हे मला आधी सांगितलं असतंत तर पेन्सिलींचा डबा आणला असता. हे म्हणाले, पेन्सिल कुठे बांधायची ते कळायलाच वर्ष गेलं.

त्या वर्षीच्या गणपतीला कमिटीने माझं नाव विचारलंच नव्हतं. काकूंनी सगळ्यांना परस्पर सांगून ठेवलं असणार की बिचारीला आता आग्रह करू नका. ह्यांनीच जाऊन नाव दिलं, पण या वेळी आधी घरी येऊन विचारलं. मी हो म्हटलं. का म्हटलं देव जाणे. भीती इतकी वाटत होती की त्या दिवशी ऑफिसात मी एकच ऑर्डर दोनदा टाइप केली. पुन्हा आवाज चिरकला तर मग काकू खऱ्या, आणि गाणारी वहिनी संपली. त्याच्यापुढे काही नव्हतं.

स्टेजवर हे खुर्चीत बसले. पेन्सिल बांधलेली. मी मोजायच्या तयारीत उभी होते.

"तू सुरू कर," हे हळूच म्हणाले. "मी येतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. घर कुठे घ्यायचं, लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळीकडे हे पुढे आणि मी मागून. मी एकदा वळून बघितलं. ते खरंच वाट बघत होते.

मी सुरू केलं. आणि घाबरून खाली लागले. काळी चारला निघाले होते, एका घराने खालीच धरला गेला सूर. मला पहिल्याच ओळीत कळलं. आता मागून गिटार येणार काळी चारला, आणि सगळं भरीत होणार. गिटार आलीच नाही. मागे काहीतरी खुडबुड झाली, रबर ताणून तुटल्याचा फट्ट आवाज आला, आणि पेन्सिल घरंगळत माझ्या पायाशी आली. पुढची मुलं खिदळली. दुसऱ्या ओळीला गिटार लागली, माझ्याखाली, बरोबर मी होते तिथे. सतरंजी अंथरल्यासारखी. मी अंतऱ्याला गेले. वरचा सूर लावला, आणि लागला. लांब ठेवला मी तो. उगाचच, हौसेने ठेवला.

खाली उतरल्यावर काकू आल्या. "आवाज परत आला गं तुझा! मी म्हणतच होते." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमचं या वर्षी काय झालं? गिटार ऐकूच आली नाय. क्लास सोडलात काय?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वर्षभराची थिअरी, फ्रिजवरचं ते घड्याळ, गुरुवारची हजेरी, आणि सबंध सोसायटीत एका माणसाला पत्ता नाही. जिना चढताना मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "का हो काढलीत ही?"

मला वाटलं, आता हे तक्ता उलगडणार. जी आणि शार्प आणि काय काय. ह्यांनी पेन्सिल खिशाला लावली.

"काळी चारवरून निघणार होतीस," हे म्हणाले, "पांढरी पाचला लागलीस."

मी पायरीवरच थांबले. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचबरोबर असा काही राग आला म्हणता! वर्षभर भांडायला म्हणून जे सगळं जपून ठेवलं होतं, ते ह्या माणसाने पेटीवाल्यांच्या भाषेतल्या एवढ्याशा वाक्यात संपवून टाकलं होतं.