मेंढ्यांची पावडर
मेडिकलच्या दुकानात बी-कॉम्प्लेक्सचा कुबट वास आला की मला सणसवाडीतली आमची औषधं तपासायची लॅब आठवते, आणि पावडरीचा डबा घेऊन तिथं आलेले माझे कासुर्डीचे मामा. शेती सांभाळून त्यांनी हौसेनं थोड्या मेंढ्या राखल्या होत्या. त्यातल्या तिघींना दिसेनासं झालं होतं आणि त्या भिंतीला डोकं टेकवून उभ्या राहायच्या. जनावरांच्या औषधांच्या दुकानदारानं बी-वन व्हिटॅमिन कमी पडलं म्हणून ही पावडर दिली, आणि तिच्यावर भिस्त ठेवून मामा डॉक्टरकडं गेलेच नव्हते. "गुण का येईना, तेवढं तपास," ते म्हणाले. मी पावडरीचा अर्क काढून त्यात रसायन मिसळलं. बी-वन असलं की हे पाणी अतिनील दिव्याखाली निळं चमकतं, जितकी चमक तितकं व्हिटॅमिन, असं त्यांना सांगितलं. तुलनेसाठी ठेवलेली शुद्ध बी-वनची नळी निळीशार उजळली, पावडरीची काळीच राहिली. मामा वाकून बघत होते. "आपली कवा पेटायची?" "न्हाई पेटायची, मामा. ह्यात काहीच न्हाई." पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. तडक यवतहून जनावरांचा डॉक्टर घेऊन आम्ही मामांच्या घरी गेलो. इंजेक्शनं दिली, पण मेंढ्या आडव्या पडून पाय झाडत होत्या. दिवस मावळायच्या आत तिघी गेल्या. मामा त्यांच्याजवळ बसून म्हणाले, "नगं नगं करीत हुत्या रं. मीच जबडा धरून पाजली." उरलेल्या मेंढ्या त्यांनी विकून टाकल्या. मी अजून तेच काम करतो, पण डबा तपासायला माझ्यापर्यंत येतो, तोवर कुणीतरी त्यातलं विश्वासानं पाजून बसलेलं असतं.