उडवलेली कमेंट

सोलापुरातल्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर मी 'वाचकसंवाद प्रमुख' आहे. प्रमुख म्हणजे विभागात मी एकटीच. काम एवढंच: बातमीखाली "तुम्हाला काय वाटतं? कळवा!" असं लिहायचं आणि लोकांनी कळवलं की ते उडवायचं.

लोकांना कळवायचं असतं ते पाण्याबद्दल. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि किती वाजता, ते देवालाही ठाऊक नसतं. त्यामुळं बातमी नटीच्या लग्नाची असो की क्रिकेटची, खाली कुणीतरी हमखास विचारणार, "आमच्या गल्लीत नळ आला का?" आणि दुसरा कुणी उत्तर देणार. आमच्याच पेठेतले एक गृहस्थ तर कोणत्या बोळात पाणी आलं, जोर किती, सगळं बिनचूक लिहायचे. आमचे बातमीदार इतके बिनचूक असते तर काय हवं होतं!

संपादकसाहेबांना मात्र याची लाज वाटायची. "सुसंस्कृत चर्चा हवी. विषय सोडून असेल ते उडवा," म्हणाले. नटीच्या लेहंग्यावर सुसंस्कृत चर्चा कशी करतात, ते त्यांनी सांगितलं नाही. महिन्याभरात माझा हात इतका बसला की वाचायचीही गरज उरली नाही. 'पाणी' दिसलं की बोट आपोआप चालायचं. साहेबांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं आणि मला ते आवडलं, कबूल करते.

मग बहिणीच्या मुलीचं बारसं आलं. रविवारी बार्शीहून तिच्या सासरची तीसेक माणसं येणार आणि आमचा हौद तळाला गेलेला. शनिवारी पाण्याचा दिवस होता, पण दुपारी आई आणि बहीण बाळाला डोस द्यायला दवाखान्यात निघाल्या. घराला कुलूप.

"तू तर तिथंच बसतीस की," आई म्हणाली. "पाणी सुटलं असं कुणी लिहिलं की फोन कर, मी रिक्षानं येते."

मी मोठ्या ऐटीत हो म्हणाले.

पाच वाजता आईचाच फोन. शेजारच्या काकूंनी तिला सांगितलं होतं, नळ येऊन गेला. "तू बघत नव्हतीस व्हय गं?"

मी उडवलेल्या कमेंटी उघडल्या. लेहंग्याच्या बातमीखाली त्याच गृहस्थांची होती: "पेठेत आत्ताच पाणी सुटलंय. जोर लई हाय. भरून घ्या." तीन वाजून दोन मिनिटांनी मीच उडवली होती.

लाज गुंडाळून ठेवली आणि त्याच लेहंग्याखाली लिहिलं, "उद्या घरी बारसं आहे, हौद रिकामा. पेठेत टँकर कुणाकडं मिळेल?" पूर्णपणे विषय सोडून होतं. उडवणारी मीच, म्हणून राहिलं.

दहा मिनिटांत त्या गृहस्थांचं उत्तर आलं. "टँकर कशाला? माजी दोन पिंपं भरल्याली हायत. मारुतीच्या देवळामागं या."

रिक्षात रिकामे कॅन टाकून गेले. सत्तरीचे आजोबा, लुंगी वर खोचून स्वतःच बादलीनं पाणी काढून देत होते. मी कुठं काम करते, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

"दुपारीच लिवलं हुतं ताई," ते म्हणाले. "कुण्या शाण्यानं उडवलं. तितं कुणी वाचतं का न्हाय, आमी लिवल्यालं?"

"वाचतात की," मी म्हणाले आणि पुढचा कॅन त्यांच्यासमोर धरला.