इंग्लिश पिकनिक आणि सात गोधड्या

प्रिय मीरा आणि जोएल,

तुमचे फोटो पोचले. इंग्लंडमध्ये तळ्याच्या काठी कोणीही काहीही धूत नाही, हे मला त्यावरून कळलं.

सातही फोटो मी भिंग लावून पाहिले. एकात बदकं आहेत, एकात होडी आहे, एकात तुम्ही दोघं बाकावर बसून पाण्याकडे नुसते बघत आहात. धरणाच्या भिंतीमागच्या त्या मोठ्या जलाशयाबद्दल जोएलने लिहिलंय, की ते पाणी शहराला प्यायला जातं म्हणून तिथे कुत्र्यालासुद्धा उतरू देत नाहीत. चांगली शिस्त आहे. आणि मीरा विचारते, "आजी, तू कधी अशी लेक पाहायला गेली होतीस का?"

गेले होते. ही गोष्ट आजवर आमची ताई सांगत असे आणि मी मान खाली घालून ऐकत असे. ताई गेल्या महिन्यात गेली. आता मधेच "खोटं बोलू नकोस, एस्तेर!" असं म्हणायला कोणी नाही, तेव्हा यापुढे मलाच सांगावी लागणार. शक्य तितकी खरी सांगते.

माझे बाबा तिसगावच्या शाळेत हेडमास्तर होते. चाळीसच्या दशकातली गोष्ट. महायुद्ध चालू होतं, मी बारा वर्षांची होते आणि ताई बावीसची. त्या काळी बावीस म्हणजे लग्नाची गाडी स्टेशनातून सुटून गेलेली! आई आम्ही लहान असतानाच वारली होती. आम्हाला वाढवलं ते बाबांच्या आईने. तिला सगळं गाव बया म्हणे, म्हणून आम्हीही बयाच म्हणत असू.

ताईला दोन स्थळं येऊन गेली होती. एकाला ती उंच वाटली, दुसऱ्याला ती जास्त शिकलेली वाटली. आता तिसरं आलं होतं. नगरचे डॉक्टर शमुवेलराव. लढाईच्या आधी दोन वर्षं इंग्लंडात राहून आलेले! त्यांचा पासपोर्टएवढा फोटो ताईने आपल्या गीतपुस्तकात ठेवला होता. (मी तिची वस्तू चोरून पाहिली नव्हती. मी तिचं कपाट आवरत होते. मला आवरायची सवय आहे.) उपासनेला ती रोज ज्या पानावर पुस्तक उघडी, त्या पानावर आमचं ठरलेलं गीत कधीच नसायचं. त्यावरून मी काय ते समजले होते.

बाबांनी मात्र यात आपली हौस घातली. त्यांच्याकडे कोणा मडमेने दिलेलं इंग्लंडातल्या तळ्यांचं एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष संपून किती वर्षं झाली तरी ते भिंतीवरून उतरलं नव्हतं.

"इंग्लंडात राहून आलेल्या माणसाला चौरंगावर बसवून पोहे द्यायचे?" बाबा म्हणाले. "छे! आपण लेकवर पिकनिक करू."

लेक म्हणजे गावापासून दोन कोसांवरचं तळं. कुठल्याशा दुष्काळात सरकारने लोकांना काम द्यायला बांधून घेतलेलं. तीन बाजूंना खडक आणि बाभळी, एका बाजूला दगडी बांध. त्या वर्षी पाऊस बरा झाल्यामुळे नोव्हेंबरातही ते काठोकाठ होतं. पाण्याचा रंग चहाचा होता.

ताई म्हणाली, "बाबा, त्यांना मला नापसंतच करायचंय तर तिथवर कशाला जायचं? घरीच करू द्या की."

बयाचा आक्षेप वेगळा होता. "नुसतं पान्याकडं बगायला दोन कोस जायचं? आन् बगून काय करायचं?"

"बघायचं, बया. आनंद घ्यायचा."

"आन् मग?"

"मग घरी यायचं."

बया उठून आत गेली. ती अशी वाद सोडून उठली की आम्ही सावध होत असू, पण त्या दिवशी कोणाचं लक्ष नव्हतं.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्या भागात वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर किंवा तळ्यावर नेऊन धुवायच्या. गावात हे काम दसऱ्याआधी होई. आमचं घर ख्रिस्ती, म्हणून आमच्याकडे ते नाताळाआधी होई. प्यायलाच जिथे विहिरीतून मोजून घागरी यायच्या, तिथे घरी गोधडी धुणं म्हणजे चैन! भरलेलं तळं समोर दिसत असताना त्यात काहीही न धुता परत येणं, हे बयाला भरल्या ताटावरून उपाशी उठण्यासारखं वाटत होतं.

बाबांनी सामानाची जबाबदारी माझ्यावर दिली. "एस्तेर, तुझ्या यादीत नाही ती वस्तू गाडीत जाणार नाही."

मी वहीच्या पानावर इंग्रजीत यादी केली. आदल्या दिवशी संध्याकाळी बया माझ्याजवळ येऊन बसली.

"इस्तेर, पाव्हणं बसनार कशावं?"

"जाजमावर."

"आपल्याकडं जाजम हाय?"

जाजम नव्हतं.

"मंग लिव्ह. गोधड्या, सात."

"सात कशाला, बया? माणसं सहा."

"येक जास्ती आसावी. पाव्हन्याम्होरं कमी पडाया नगं. आन् लेकरा, मळक्या गोधडीवं इंग्लंडचा मानूस बसवायचा व्हय? आदी धुवू, मंग बसवू."

हे मला पटलं! आजही पटतं. चूक पुढे झाली, आणि ती सर्वस्वी माझी. पाहुणे अकराला यायचे होते. आम्ही आठला पोचणार. नऊपर्यंत धुणं. मग वाळायला किती वेळ? मी शास्त्रशुद्ध हिशेब केला. माझा रुमाल उन्हात वीस मिनिटांत वाळतो. गोधडीत जुन्या लुगड्यांचे सहा पदर असतात. वीस गुणिले सहा, एकशेवीस मिनिटं. म्हणजे बरोबर दोन तास, अकरा वाजता कोरड्या!

हे वेळापत्रक मी बाबांना दाखवलं नाही. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो मिळाला.

सकाळी हुसेनमामूच्या बैलगाडीतून आम्ही निघालो. फाट्यावर बाबा उतरले. पाहुण्यांना वाट सापडावी म्हणून ते तिथे थांबणार होते. गाडी वळली आणि बयाने पदर खोचला.

आठ वाजून दहा मिनिटांनी (माझ्या वेळापत्रकापेक्षा दहा मिनिटं उशीर) रिठ्याचं पाणी कालवून झालं होतं. बया धोपटण्याने गोधड्या बडवत होती. ताई आधी नाही नाही म्हणाली. "बया, ते येतील ना! मी अशी कशी..."

"आकराला येनार हायत. तवर काय पुतळ्यावानी हुबी ऱ्हातीस? तुडव!"

ताईने नवी निळी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि तुडवू लागली. मी घड्याळ धरून उभी होते. साडेनऊला सहा गोधड्या बाभळींवर आणि खडकांवर पसरल्या होत्या. हुसेनमामूने त्यातली एक उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"पोरी, ही अकराला वाळंल?"

"हो, मामू. मी हिशेब केलाय."

"कुठल्या सालच्या अकराला?"

सातवी गोधडी बाकी होती. ती आईच्या लुगड्यांची होती, आईनेच शिवलेली. तिला बया कोणाला हात लावू देत नसे. ती सगळ्यांच्या शेवटी, स्वतः धुवायची. ती कोरडीच खडकावर घडी करून ठेवली होती.

आणि पावणेदहाला बांधावरून बाबांचा आवाज आला. डॉक्टरांच्या आईंना उजेडात नगरला परत पोचायचं होतं, म्हणून मंडळी तास-सव्वातास लवकर निघाली होती! बाबा तोंड पाहुण्यांकडे आणि पाठ आमच्याकडे करून बांधावर चढत होते. वर पोचताच त्यांनी, न बघता, हात पसरला.

"अँड नाऊ, डॉक्टर, द लेक!"

लेकच्या काठावर सहा गोधड्या ठिबकत होत्या. मधोमध नवरी मुलगी गुडघाभर चिखलात उभी होती. बयाच्या हातात धोपटणं वर उचललेलं, ते तसंच वर राहिलं.

डॉक्टरांच्या आई छत्री टेकवत पुढे आल्या. जाडजूड बाई, पायात बूट, नाकावर चष्मा. "हे काय?" त्या म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही पिकनिक म्हणालात ना?"

बाबांनी तेव्हा वळून पाहिलं. त्यांचा हात तसाच पसरलेला होता.

ताईचा चेहरा मला अजून दिसतो. तिने साडी सोडायला हात घातला, पण हातांना रिठ्याचा फेस होता, तो साडीला लागला. ती रडकुंडीला आली. मला वाटलं, हे तिसरं स्थळही गेलं, आणि या वेळी उंचीमुळे नाही, माझ्या गणितामुळे! निदान एक तरी गोधडी लपवावी. लपवायला जवळ पाण्याइतकी मोठी जागा दुसरी कुठे? मी आईची गोधडी उचलली आणि तळ्यात ढकलली.

कोरडी गोधडी बुडत नाही. पदरांत हवा असते. (हेही मला हिशेबात धरता आलं असतं.) ती झकास उलगडली आणि एखाद्या तराफ्यासारखी आत निघाली. मी तिचं टोक धरायला वाकले, मग गुडघाभर गेले, मग एक पाऊल आणखी टाकलं. त्या पावलाखाली जमीन नव्हती.

"आईची गोधडी!" ताई किंचाळली.

मी बुडत होते, हे तिच्या जरा नंतर लक्षात आलं.

डॉक्टर बांधावरून धावत खाली आले. बाबा मागून ओरडत होते, "डॉक्टरसाहेब, बूट! बूट!" पण ते सुटाबुटात थेट पाण्यात शिरले. कमरेइतक्या पाण्यात त्यांनी एका हाताने माझी वेणी धरली. मला काठाकडे ओढत असताना ताईने बोट दाखवलं, "ती! ती पण!" आणि त्या गृहस्थाने दुसऱ्या हाताने गोधडी धरली. तोवर ती पाणी पिऊन जड झाली होती. मला त्यांनी सहज काठावर टाकलं. गोधडीला मात्र मामूची मदत लागली.

"साहेब," मामू धापा टाकत म्हणाला, "गोधडी न्हाई ही, म्हैस हाय."

आता एरवी काय व्हायला हवं होतं? माफी, रडारड, पाहुण्यांनी तोंडं फिरवणं. पण ताईचं लक्षच नव्हतं. ओल्या गोधडीत पाणी राहिलं तर शिवण कुजते, आणि शिवण आईची होती. कापड रेशनवर मिळण्याचे दिवस. पण ती गोधडी फुकट कापड मिळूनही परत झाली नसती. ताईने एक टोक उचललं आणि दुसऱ्या टोकाशी कोण आहे ते न पाहता हुकूम सोडला.

"धरा! पिळा!"

दुसरं टोक डॉक्टरांच्या हातात होतं. त्यांनी मुकाट्याने पीळ घातला. ताईनेही घातला. काहीच होईना! दोघं एकाच अंगाने फिरवत होते.

"अहो, उलट्या बाजूने! तुम्ही माझ्या उलट. इंग्लंडात कपडे पिळत नाहीत वाटतं?"

"तिथे मी एकटा राहत होतो," डॉक्टर म्हणाले. "दुसरं टोक धरायला कोणी नसायचं."

ताईने मान वर केली. आपण कोणाला झापतो आहोत ते तिला तेव्हा कळलं. पण पीळ बसला होता, आणि सोडला असता तर सगळी मेहनत वाया. दोघं तशीच उभी राहिली. गोधडीतून पाण्याची धार लागली, आणि दोघांपैकी कोणीही टोक सोडेना.

डॉक्टरांच्या आई हे सारं छत्रीवर रेलून बघत होत्या. त्यांनी बाभळीवरच्या गोधडीचा काठ चिमटीत धरून पाहिला, दुसरीचा पाहिला. मग बयाकडे वळल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यातून नगर शहर एकदम गळून पडलं, सुप्याकडच्या खेड्यातलं माहेर वर आलं. "येवढं पानी हाय म्हून आदी कळवायचं तरी! आमच्याबी न्हवत्या का आनल्या? नऊ पडल्यात घरी!"

बयाने धोपटणं खाली केलं. "या, बसा," ती म्हणाली.

बसायला कोरडं काहीच नव्हतं. आम्ही खडकांवर बसून काकडीचे सँडविच खाल्ले. पाव नगरहून तीन दिवसांपूर्वी आणलेला होता. तो शेंगदाण्याची चटणी लावल्यावर सुसह्य झाला. डॉक्टरांचा सूट बाभळीवर, आणि स्वतः ते हुसेनमामूच्या चौकड्याच्या लुंगीत, वर कॉलर आणि टाय! त्याच वेषात त्यांनी बाबांशी इंग्लंडातल्या तळ्यांबद्दल गप्पा मारल्या. फार सुंदर आहेत, म्हणाले, पण तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. बाबांना याचं थोडं वाईट वाटलं.

अकरा वाजता मी उठून गोधड्यांना हात लावून आले. एकही वाळली नव्हती. त्या तिसऱ्या दिवशी वाळल्या.

एप्रिलात लग्न झालं. ताईचा आणि शमुवेलरावांचा संसार त्रेपन्न वर्षं चालला. दरवर्षी नाताळाआधी ती दोघं अंगणात समोरासमोर उभी राहून गोधड्या पिळत, आणि दरवर्षी ते मुद्दाम चुकीच्या बाजूने सुरुवात करत. ते गेले त्या वर्षी ताईने गोधड्या लाँड्रीत दिल्या.

बाबा, बया, मामू, तेही केव्हाच गेले. तळं अजून आहे. पाऊस झाला तर त्यात पाणी असतं, नाही झाला तर शेळ्या चरतात. आणि मी आहे. दोन भाषांत पदवी घेतली, चाळीस वर्षं शिकवलं, पोहता मात्र अजून येत नाही.

तुमची,
आजी