तीन बोटं वर

माझी बायको सिंगापुरात वारली, मुलाच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये, पोटाच्या दुखण्यानं. भेटायला येईल त्याला मुलगा एकच सांगायचा, आईनं कधी काही सांगितलंच नाही हो. साफ खोटं. जेवताना ती त्याला म्हणाली होती, पोटात टोचतंय, डॉक्टरला दाखव. एकदा नाही, चारदा. हा म्हणाला, प्रोजेक्ट संपू दे. ती मेली आणि दोष तिच्याच माथी मारून मोकळा. कराडच्या तिच्या बहिणीलाही हेच सांगितलं. ती रडत म्हणाली, ताई पहिल्यापासून घुमीच. माझी बायको घुमी? कोंबड्याआधी तोंड उघडणारी बाई ती.

मी सातवी नापास. नातीच्या इतिहासाच्या पुस्तकातली चित्रं तेवढी बघतो. एका चित्रात उघडी माणसं रस्त्यात स्वतःच्या पाठी फोडून घेत होती. नात म्हणाली, हे सातशे वर्षांपूर्वीचे युरोपातले ख्रिस्ती लोक. प्लेग आला, देवाचा राग उतरावा म्हणून गावोगाव असे फिरायचे. म्हटलं, आमचा पोतराज कोरडा ओढतो तसं. तर म्हणे यांच्या चाबकाच्या गाठींत लोखंडी काटे असायचे. आणि आधी सगळे जमिनीवर पडायचे. ज्याचं जसं पाप तसं त्यानं पडायचं. खोटी शपथ घेतलेला कुशीवर, तीन बोटं वर करून. मग म्होरक्या एकेकाला फटका देत जायचा.

एवढं मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला सिंगापुरातल्याच वुडलँड्सहून, बिशानहून मुलाच्या ऑफिसातली मंडळी आली. पानं वाढली. कुणीतरी विषय काढला आणि यानं पुन्हा तेच सुरू केलं, आईनं कधी सांगितलंच नाही.

मी म्हणालो, "आडवा हो. कुशीवर. आणि तीन बोटं वर कर."

पाहुण्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सून पाणी घेऊन धावली. नात तेवढी समजली. तिथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली,

"पपा लाय करतात असं म्हणतायत आबा, लाह."

मुलाचा चेहरा उतरला. पानातला वडा उगीच मोडत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं होतं तिनं."

एवढ्यावर सोडायचं नव्हतं मला. म्हटलं, कराडच्या मावशीला फोन लाव, स्पीकरवर, या सगळ्यांसमोर.

"बाबा, पुरे ना."

"लाव."

त्यानं सगळं सांगितलं, अडखळत. मला गोड वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मेहुणीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि दाजी कुठं होते तवा?"

"त्याच टेबलाशी," मी म्हणालो. "जेवत होतो."

मग तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला. पाहुणे ताटाकडे बघत बसले. मुलगा फोन बंद करायला निघाला, तर मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, बस खाली, दोघांचं आहे हे. तिला काय काय म्हणायचं होतं ते सगळं म्हणू दिलं.